आधी प्रश्न, मग यंत्र : दख्खनच्या आकाशाचे फोटो आणि आपण

गोदावरीच्या काठी, थंडीच्या रात्री तुम्ही एवढ्या संख्येने बसलात याचा आम्हाला आनंद आहे. व्याख्यान लांबलं तर दोष आमचा. वर आभाळ मोकळं आहे, त्यामुळे तुमचं लक्ष वर गेलं तर तो दोष धरणार नाही.

व्याख्यानाआधी इथली चार-पाच मुलं भेटली. त्यांनी तोच प्रश्न विचारला जो आम्हाला सगळीकडे विचारला जातो : "सर, आकाशाचे फोटो काढायला कोणता कॅमेरा घेऊ? कोणती दुर्बीण? सॉफ्टवेअर कोणतं?" आम्ही उलट विचारलं, "फोटो कशाचा काढायचाय?" मुलं जरा थांबली. एक म्हणाला, "आकाशाचा." आता आकाश म्हणजे काय थोडं आहे का? चंद्राचा खड्डा वेगळा, आकाशगंगेचा पट्टा वेगळा, गुरूचे पट्टे वेगळे. एकाला लागतं ते दुसऱ्याला चालत नाही. ही गोष्ट उपदेश म्हणून सांगितली तर कानाआड होते. म्हणून आज आम्ही ती इतिहासातून सांगणार आहोत, आणि इतिहासही लांबचा नाही, आपल्या दख्खनचा.

सुरुवातीचं थोडक्यात सांगतो. फोटोग्राफीची कला जगजाहीर झाली १८३९ साली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत चंद्राचा फोटो निघाला आणि १८५० मध्ये अभिजित ताऱ्याचा. पण त्यानंतर आलेली काच-प्लेट ओली असतानाच वापरावी लागे. ती वाळली की संपली. म्हणजे पाच-दहा मिनिटांच्या वर प्रकाश साठवताच येत नसे, आणि अंधूक वस्तू तर जास्त वेळ मागते. १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची युक्ती निघाली, पुढच्या दहा वर्षांत ती सुधारली आणि चित्र पालटलं. १८८३ साली अँड्र्यू कॉमन नावाच्या इंग्रज गृहस्थाने मृगातल्या तेजोमेघाचा असा फोटो काढला की त्यात डोळ्यांना दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे उमटले. हे कॉमन पोटापाण्याने इंजिनिअर, आकाशाच्या बाबतीत हौशी. तुमच्या-आमच्यासारखेच. फक्त त्यांचा आरसा ३६ इंची होता.

याच कॉमनसाहेबांच्या हातचा एक आरसा पुढे पुण्यात आला. तिथून आपली गोष्ट सुरू होते.

कावसजी दादाभाई नायगामवाला हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपयांची देणगी दिली, सरकारनेही भर घातली. नायगामवाला इंग्लंडला गेले, तिथल्या जाणकारांना भेटले आणि त्यांनी ठरवलं की आपली वेधशाळा वर्णपटाच्या अभ्यासासाठी करायची. म्हणजे आधी काम ठरलं. मग त्या कामाला साजेशी डब्लिनच्या ग्रब कंपनीची दुर्बीण आली, तिला कॉमन यांचा २० इंची आरसा बसला. १८८८ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. त्या काळी भारतात एवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती.

आता १८९८ सालात या. २२ जानेवारी, पौष अमावास्या. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातून घाट चढून सोलापूर जिल्हा, मराठवाड्याचा भाग आणि वऱ्हाड असा ईशान्येकडे गेला. मध्यरेषा आपल्या शहागडच्या दक्षिणेकडून गेली. मुंबई-पुण्यात प्लेग होता, आदल्याच साली दुष्काळाने लोक गांजले होते. अशा दिवसांत जगभरातली मंडळी पेट्याच्या पेट्या सामान घेऊन आपल्या मुलखात उतरली. ब्रिटिश शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर होते. नायगामवाला पुण्याहून निघून करमाळा तालुक्यातल्या जेऊरला गेले. तिथेच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आपली तुकडी घेऊन आले. आणि वऱ्हाडात, तळणीला, ब्रिटिश हौशी खगोल संघटनेची तुकडी होती, तिच्यात ॲनी माँडर आणि त्यांचे पती.

या दोन तळांकडे नीट बघा, कारण मुलांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

जेऊरला कॅम्पबेल यांनी जो कॅमेरा उभारला त्याची लांबी चाळीस फूट. तो हातात धरून नेण्यासारखा नव्हताच. मनोरा बांधून त्यावर भिंग बसवलं आणि खाली घड्याळाच्या यंत्रणेने प्लेट हळूहळू सरकत राहील अशी सोय केली. भिंगाचा व्यास पाच इंच, नाभीय अंतर चाळीस फूट. त्यामुळे प्लेटवर सूर्याची प्रतिमा पडायची ती सुमारे अकरा सेंटीमीटरची, म्हणजे भाकरी नाही पण चांगल्या पुरीएवढी! सूर्याच्या कडेजवळचे बारीक धागे, ज्वाळा, सगळं मोठ्या आकारात टिपता येणार.

तळणीला ॲनी माँडर यांच्याकडे जो कॅमेरा होता त्याचं भिंग दीड इंची आणि नाभीय अंतर नऊ इंच. हातात मावेल एवढा. सूर्याची प्रतिमा दोन मिलिमीटरची, ज्वारीच्या दाण्याहून लहान. चाळीस फुटी कॅमेऱ्यासमोर हा ठेवला असता तर आपल्यातला कोणीही हसला असता.

पण हिशोब करून बघा. शाळेतली मुलंही करतील. अंधुक, पसरलेली वस्तू प्लेटवर किती उजळ पडेल हे भिंगाच्या आकारावर ठरत नाही, तर नाभीय अंतराला व्यासाने भागून येणाऱ्या आकड्यावर ठरतं. चाळीस फूट म्हणजे ४८० इंच, भागिले पाच, आले ९६. इकडे नऊ भागिले दीड, आले ६. ९६ हे ६ च्या सोळा पट, आणि प्रकाश वर्गाने कमी होतो. सोळाचा वर्ग २५६. म्हणजे प्रभामंडळाचा प्रकाश त्या चिमुकल्या कॅमेऱ्यात प्लेटच्या तेवढ्याच जागेवर २५६ पट जास्त पडत होता. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात अंधुक प्रकाश साठवायचा तर हाच आकडा कामाचा.

आणि झालंही तसंच. ॲनी माँडर यांच्या प्लेटवर सूर्यापासून सुमारे एक कोटी किलोमीटर दूर गेलेला प्रभामंडळाचा किरण उमटला. तोपर्यंत एवढा लांब किरण कोणाच्याही फोटोत आलेला नव्हता. या बाई ग्रीनिच वेधशाळेत गणनेचं काम करत होत्या, आणि १८९५ मध्ये लग्न झाल्यावर तिथल्या नियमामुळे त्यांना नोकरी सोडावी लागली होती. तळणीला त्या पगारी शास्त्रज्ञ म्हणून आल्याच नव्हत्या.

यावरून लहान ते चांगलं आणि मोठं ते वाईट असा अर्थ काढू नका. कॅम्पबेल यांचा प्रश्न होता, कडेजवळचा तपशील कसा आहे? त्याला चाळीस फूट बरोबर. माँडरबाईंचा प्रश्न होता, प्रभामंडळ दूर कुठवर जातं? त्याला नऊ इंच बरोबर. दोघांनी यंत्रांची अदलाबदल केली असती तर दोघेही रिकाम्या हाताने परतले असते.

आता आपल्या स्वतःच्या मुलखाकडे येऊ. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत शहागड निजामाच्या राज्यात होतं, हे इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको. त्या राज्याची राजधानी हैदराबाद, आणि तिथे नवाब जफर जंग नावाचे एक हौशी गृहस्थ होते. १९०१ च्या सुमारास त्यांनी स्वखर्चाने वेधशाळेची तयारी सुरू केली. इंग्लंडहून पंधरा इंची ग्रब दुर्बीण मागवली आणि कुक कंपनीचा आठ इंची फोटो काढणारा दुर्बीण-कॅमेराही. नवाब १९०७ मध्ये वारले. १९०८ मध्ये सरकारने वेधशाळा ताब्यात घेतली, तीच निजामिया वेधशाळा.

त्या वेळी जगात एक मोठं काम चालू होतं. १८८७ साली पॅरिसला ठरलं होतं की सगळं आकाश वेगवेगळ्या देशांच्या वेधशाळांनी वाटून घ्यायचं, काच-प्लेटवर फोटो काढायचे आणि प्रत्येक ताऱ्याची जागा मोजून तक्ते छापायचे. या कामासाठी ठरलेलं भिंग तेरा इंची. हैदराबादचं आठच इंची. तरी हैदराबादने वाटा उचलला : खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला १७ ते २३ अंशांचा पट्टा. नंतर उत्तरेचा ३६ ते ३९ अंशांचा पट्टाही केला. दक्षिणेचा पट्टा आजही आपल्या आकाशातून जातो. मृगाच्या पायाखाली शशक नावाचा तारकासमूह आहे, त्याचे दोन ठळक तारे या पट्ट्यात येतात. उन्हाळ्याच्या तोंडी हस्त नक्षत्र बघा, त्याच्या चौकोनातले दोन तारेही याच पट्ट्यातले.

काम कसलं होतं तर कंटाळ्याचं. प्लेटवर पाच-पाच मिलिमीटरची चौकट छापलेली. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक तारा त्या चौकटीतून मोजायचा, वहीत लिहायचा. पहिले संचालक चॅटवूड, नंतर पोकॉक, मग टी. पी. भास्करन. माणसं बदलली, पण तोच कॅमेरा, तीच पद्धत, तीच नोंद. चार लाखांहून जास्त तारे मोजून झाले. मोठी पंधरा इंची दुर्बीण मात्र कित्येक वर्षं उभीच राहिली नव्हती. राज्याचं नाव जगाच्या तक्त्यात गेलं ते आठ इंची कॅमेऱ्यामुळे.

याच वेधशाळेत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थाचा मुलगा ते सगळं बघत वाढला. वेणू बाप्पू त्याचं नाव. १९४९ मध्ये हार्वर्डला शिकत असताना त्याने स्वतः काढलेल्या प्लेटवर नवा धूमकेतू सापडला. पुढे भारतातल्या आधुनिक खगोलशास्त्राची घडी त्यानेच बसवली.

मग त्या चार लाख ताऱ्यांचं काय झालं? तक्ते कपाटात गेले. कित्येकांनी म्हटलं की मेहनत वाया गेली. पण तारे जागेवरून अतिशय सावकाश सरकतात, आणि ते सरकणं मोजायचं तर जुनी जागा ठाऊक हवी. युरोपच्या हिप्पार्कस उपग्रहाने नव्या जागा मोजल्या, त्यांच्याशी जगभरच्या या जुन्या तक्त्यांची तुलना झाली, आणि २००० साली पंचवीस लाख ताऱ्यांची टायको-२ सूची निघाली. त्यात हैदराबादच्या प्लेटांचाही वाटा आहे. प्लेट काढणारे हयात नव्हते, पण त्यांची नोंद उपयोगी पडली.

पुण्याचं उलट झालं. सगळा डोलारा एका माणसावर होता. नायगामवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. दुर्बीण कोडईकनालला गेली. ती जपली गेली, भावनगर दुर्बीण म्हणून ओळखली जाते, पण पुण्याचं काम थांबलं ते थांबलंच. यंत्र उत्तम होतं, माणूस उत्तम होता. मागे काम पुढे नेणारी माणसं उरली नाहीत.

आता आमची स्वतःची फजिती ऐका. आमच्या गटाने वर्गणी काढून पहिली दुर्बीण घेतली तेव्हा हे काही ठाऊक नव्हतं. खोक्यावर 'सहाशे पट मोठं दिसेल' असं लिहिलेलं होतं. दुकानदारानेही तेच सांगितलं आणि आम्हाला ते खरं वाटलं. स्टँड असा की वाऱ्याची झुळूक आली तरी गुरू नाचायचा. कॅमेरा टांगला की दुर्बीण मान टाकायची. दोन हिवाळे आम्ही फक्त स्क्रू आवळण्यात घालवले. आम्ही यंत्र आधी घेतलं आणि प्रश्न नंतर शोधला, ही चूक आमचीच.

म्हणून आता क्रम सांगतो, लिहून घ्या. आधी प्रश्न. मग जागा. मग स्टँड. मग भिंग. मग कॅमेरा. सगळ्यात शेवटी सॉफ्टवेअर. दुकानात हा क्रम बरोब्बर उलटा सांगतात.

जागेचं बघा. शहागडचं अक्षांश साडेएकोणीसच्या जवळ, म्हणून ध्रुवतारा आपल्याला क्षितिजापासून तेवढ्याच अंशांवर दिसतो. हात लांब करून दोन मुठी धरल्या की तिथे ध्रुव. एवढा खाली असल्यामुळे झाड, घर, धूळ आडवी येते. तेव्हा फोटोला बसायचं तर उत्तरेला मोकळं असलेलं शेत निवडा. नदीकाठ दिसायला छान, पण मध्यरात्रीनंतर भिंगावर दव धरतं. पुठ्ठ्याची लांब नळी भिंगापुढे लावली तरी बराच वेळ निभावतं.

स्टँडचं म्हणाल तर पृथ्वी फिरते, म्हणून तारे दर सेकंदाला पंधरा विकला सरकतात. साध्या तिपाईवर ५० मिलिमीटरचं भिंग लावून दहा सेकंदांचा फोटो काढला तर तारा ठिपक्याऐवजी काडीसारखा उमटतो. पाचशेला नाभीय अंतराने भागायचं, तेवढे सेकंद चालतात, असा एक जुना नियम आहे. आजच्या बारीक पिक्सेलच्या कॅमेऱ्याला त्याच्या निम्मे धरा. जास्त वेळ हवा असेल तर आकाशाबरोबर कॅमेरा फिरवावा लागेल. कॅम्पबेल यांनी प्लेट सरकवली, आपण फळी सरकवू. दोन फळ्या, एक बिजागरी, एक मिलिमीटर आट्याचा बोल्ट. बिजागरीपासून बोल्ट २२८.५ मिलिमीटरवर बसवा, बिजागरीची रेषा ध्रुवाकडे रोखा आणि बोल्ट मिनिटाला एक फेरा फिरवा. फळी पृथ्वीच्या वेगाने उघडते. १९७५ च्या सुमारास जी. वाय. हेग यांनी ही युक्ती प्रसिद्ध केली. शहागडचा कोणताही सुतार ती एका दुपारी करून देईल. लहान भिंगाने पाच मिनिटांपर्यंत चांगलं काम होतं.

कॅमेरा जुना, वापरलेला डीएसएलआर चालेल. त्यात 'रॉ' फाइल निघाली पाहिजे आणि शटर हवं तितका वेळ उघडं ठेवता आलं पाहिजे. आकाशगंगेसाठी साधं ५० मिलिमीटर भिंग पुरतं. चंद्र-गुरू हवे असतील तर मात्र लांब नाभीय अंतराची दुर्बीण आणि सेकंदाला बऱ्याच चौकटी टिपणारा कॅमेरा. म्हणजे पुन्हा जेऊर आणि तळणी.

सॉफ्टवेअर आपल्याला फुकट मिळतं हे नायगामवालांना सांगितलं असतं तर त्यांना खरं वाटलं नसतं. आकाशाचा नकाशा बघायला स्टेलॅरियम. फोटो एकावर एक रचायला डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल. ग्रहांच्या व्हिडिओतल्या चांगल्या चौकटी निवडायला ऑटोस्टॅकर्ट. शेवटचा हात फिरवायला गिम्प. रचायचं का? प्रत्येक फोटोत खरा प्रकाश तोच असतो आणि खरखर मात्र दर वेळी वेगळी. सोळा फोटोंची सरासरी काढली की खरखर चौपट कमी होते. जोडीला टोपण लावून तेवढ्याच वेळाचे काळे फोटो काढा, त्यातून कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग वजा होतात. संध्याकाळच्या सारख्या उजेडात पांढरं कापड लावून फोटो काढा, त्यातून धुळीचे डाग काढून टाकता येतात. हैदराबादकरांची चौकट ती हीच; आपल्या यंत्राचा दोष आधी मोजायचा आणि मग आकाशाबद्दल बोलायचं.

एक कळकळीची सूचना. हल्ली फोनही चंद्राचा फोटो काढतो आणि न दिसलेले खड्डे स्वतःच भरून देतो. देखणं दिसतं. पण जे भिंगातून आलंच नाही ते फोटोत घातलं तर ते चित्र झालं, नोंद नाही झाली. रंग उजळा, काळोख गडद करा, हरकत नाही. मूळ रॉ फाइल मात्र पुसू नका, आणि वहीत तारीख, वेळ, जागा, भिंग, सेकंद, सगळं लिहा.

हे एवढं आग्रहाने का सांगतो? आम्ही गेली काही वर्षं गावोगाव फिरतो. हायमास्ट लागले, रस्ते रुंद झाले. लोकांची सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण जिथे आकाशगंगा दिसायची तिथे ती पुसट होत चालली आहे, आणि ती किती पुसट झाली हे कोणी लिहूनच ठेवलेलं नाही. 'पूर्वी फार तारे दिसायचे' असं आजोबा म्हणतात, पण नेमके किती दिसायचे हे सांगायला पुरावा नाही.

तर मघाच्या मुलांनो, तुम्हाला प्रश्न हवा होता ना? हा घ्या. येत्या अमावास्येपासून, जेव्हा आभाळ मोकळं असेल तेव्हा, एकाच शेतातून, एकाच भिंगाने, तेवढ्याच सेकंदांचा फोटो काढा. हिवाळ्यात शशक, उन्हाळ्यात हस्त. तोच पट्टा जो हैदराबादला मोजला गेला. फोटोत किती तारे आले ते मोजा आणि वहीत लिहा. एकाने सोडलं तर दुसऱ्याने धरा, म्हणजे पुण्यासारखं व्हायचं नाही. याला दीड इंची भिंग पुरे. दहा वर्षांनी शहागडच्या आकाशाचं काय झालं हे तुम्ही छातीठोकपणे सांगू शकाल.

कोणता कॅमेरा घ्यायचा, हे आता तुम्हीच सांगा. आणि बाहेर चला, दिवे घालवायला सांगितलं आहे. शशक वर आला असेल.